पायाखालची घंटी

आमच्या घरमालकांच्या घरात सायकलच्या तीन घंट्या होत्या, सायकल नव्हती. एक घंटी जिन्याच्या वरच्या टोकाला, कठड्याला स्क्रूने बसवलेली. दुसरी स्वयंपाकघराच्या चौकटीला. तिसरी अंगणाच्या फाटकाला, आतल्या बाजूने. काका एका जागेहून दुसरीकडे निघाले की जवळची घंटी तीनदा वाजवत, क्षणभर थांबत आणि मगच पाऊल उचलत. स्कूटर सुरू केल्यावर हॉर्न तीनदा. भिलाईच्या रिसाली भागातल्या त्या गल्लीत त्यांचं नाव फार कुणाला ठाऊक नव्हतं. 'घंटी वाले अंकल' म्हटलं की पोरं घर दाखवत.

मी त्यांच्याकडे खालची मागची खोली घेऊन पाच वर्षं राहिले. एका हिंदी दैनिकाच्या भिलाई कार्यालयात मी डेस्कवर काम करायची. मराठी माणसाचं घर मिळालं म्हणून आईला बरं वाटलं होतं. सामान लावून झाल्यावर काकूंनी चहा आणला आणि उभ्या उभ्याच नियम सांगितले.

"घंटी वाजली का बाजूले व्हायचं. ते उतरून येतपर्यंत जिन्यात पाय ठेवायचा नाही. अन् त्यांच्या समोरून पाठ करून चालायचं नाही. बाकी माणूस चांगला आहे."

"पाठ करून म्हणजे?"

"म्हणजे तुले ते दिसले पायजेत. त्यांले तू दिसशील ते वेगळं."

मे महिन्यात भिलाईत पंख्याखाली न बसणं ही शिक्षाच असते. त्या घरात पंखे होते, चालूही असत, पण त्यांच्या बरोबर खाली एकही खुर्ची, खाट किंवा सतरंजी नसे. हॉलच्या मधोमध रिकामा चौकोन आणि माणसं भिंतीला टेकून घामाघूम. एखादा पाहुणा नकळत मध्ये बसला तर काका त्याला हाताला धरून कोपऱ्यात नेत. "लटकलेल्या मालाचा भरवसा नाही जी," एवढंच सांगत. पाहुणे हसत. काका हसत नसत.

काका क्रेनवाले होते. त्यांचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईत मजुरीला आले आणि इथलेच झाले. काका औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी ओतकाम कारखान्यात लागले. त्याला सगळे फौंड्री म्हणत. तिथे छपराखाली दोन रुळांवर क्रेन धावायची आणि तिच्या पोटाला काचेची केबिन लटकलेली असायची. काका तीत बसून टनावारी वजनाचे ओतीव तुकडे या टोकाहून त्या टोकाला नेत. खाली एक खलाशी असे. तो हाताच्या खुणांनी माल कुठे न्यायचा, किती उचलायचा, कधी टेकवायचा ते सांगे. केबिनच्या तळाला, उजव्या पायाखाली, घंटी होती. क्रेन हलवण्याआधी ती तीनदा दाबायची आणि खालच्यांनी वाट मोकळी करायची, ही पद्धत.

नोकरी सोडून त्यांना सात वर्षं झाली होती, तरी तो उजवा पाय कामावरच होता. जेवताना, दाढी करताना, टीव्हीसमोर बसल्यावर तो जमिनीवर तीनदा दाबला जाई. त्यांची उजवी चप्पल चवड्याखाली झिजून भोक पडेपर्यंत जाई तेव्हा डावी नवी असे.

खुणाही घरात आल्या होत्या. काकू स्वयंपाकघरातून तर्जनी वर करून गोल फिरवत. म्हणजे उठा, ताट वाढलं आहे. तळहात खाली करून हळूहळू दाबत. म्हणजे आवाज कमी. भांडण झालं की दोन्ही हात आडवे पसरून उभ्या राहत. क्रेनच्या भाषेत ती खूण म्हणजे जागच्या जागी थांबा. बाकीच्या खुणा फक्त खलाशाच्या घ्यायच्या, पण ही कुणीही केली तरी पाळायची, साहेब असो की झाडूवाला.

"अन् बायको?" मी एकदा विचारलं.

"बायको तं सेफ्टी इन्स्पेक्टर आहे," काका म्हणाले. "तिची खूण मोडली का सस्पेंड."

त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. कुठल्याही बातमीवर, निवडणूक असो की शेजाऱ्यांचं भांडण, ते म्हणत, "वरून सारं दिसते पोरी. समजत काही नाही."

अपघाताची हकीकत मला काकूंनी सांगितली, तीन-चार वेळा, तुकड्यातुकड्यांनी. नंतर काकांनीही सांगितली. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता, म्हणून ती इथे सरळ मांडते.

काकांचा खलाशी भिलाईशेजारच्या चरोद्याचा होता, छत्तीसगडी माणूस, त्यांच्याहून थोडा लहान. दोघांनी नऊ वर्षं एकाच पाळीत काम केलं. त्यांची मैत्री होती असं म्हणता येत नाही, कारण ते फार बोलत नसत. तो कमी बोलणाराच होता. कॅन्टीनमध्ये मागून हाक मारली तर वळून पाहत नसे. मिजास समजून लोक त्याला शेठ म्हणत. समोर बसून कुणी बोलू लागलं तर मात्र त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत राही. काका म्हणत, असा मन लावून ऐकणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नाही. कामावर तर त्याची नजर केबिनवरून हटत नसे. "दुसरे खलाशी गप्पा मारत, तंबाखू घोटत. हा नाही. हा सारखा वर पाहे. त्याच्या हाताले बोलता येत होतं."

त्या दिवशी सकाळच्या पाळीत एक ओतीव तुकडा शॉपच्या, म्हणजे कामाच्या शेडच्या, दुसऱ्या टोकाला न्यायचा होता. खलाशाने उचलण्याची खूण केली, मग पुढे नेण्याची. काकांनी क्रेन चालवली. माल ठेवायच्या जागी लाकडाचा एक ठोकळा तिरपा पडला होता. तो सरळ करायला खलाशी वळला आणि पुढे चालू लागला, क्रेनकडे पाठ करून. नऊ वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. काकांनी थांबवण्याचा प्रयत्न केला. लटकलेला माल क्रेन थांबली म्हणून थांबत नाही. तो पुढे झुलतो. तो माल खलाशाला मागून लागला.

चौकशी झाली. दोष कुणावर ठेवला गेला नाही. घंटी वाजली होती का, या प्रश्नावर खालच्या पाच जणांपैकी दोघांनी हो सांगितलं, दोघांनी नाही, एकाने आठवत नाही. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वाजवली असन." चौकशीच्या कागदावर 'वाजवली' असं लिहिलं गेलं. काकांनी सही केली.

त्या सहीला माझ्या वेळेपर्यंत बारा वर्षं झाली होती. अपघातानंतर काकांनी पाच वर्षं नोकरी ओढली, पण केबिनमध्ये चढले नाहीत. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसले. मग मुदतीआधी सोडली. झोपेच्या गोळ्या, उदासीच्या गोळ्या, दुर्गचे डॉक्टर, नागपूरचे डॉक्टर, डोंगरगडच्या देवीची पायरी-पायरी चढाई, सगळं झालं होतं. गल्लीत कुणी पत्रा टाकला, टेम्पोचं फाळकं आपटलं, की ते जिथे असतील तिथे डोकं दोन्ही हातांनी झाकून खाली बसत. भर बाजारात भाजीच्या ढिगात बसलेलं मी त्यांना पाहिलं आहे. काकू शेजारी उभ्या राहून वांगी निवडत होत्या, जणू नवरा चप्पल शोधतो आहे.

त्यांचं दुःख खलाशी मेला हे होतं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. तसं नव्हतं. मेला ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांना खात होती ती घंटी. पाय दाबला होता की नव्हता, हे त्यांना आठवत नव्हतं. रोज शेकडो वेळा केलेली गोष्ट त्या एका वेळी केली की नाही, हे कुणाला आठवेल? पण कारखान्याच्या कागदावर त्यांची सही होती आणि ती खरी की खोटी, हे जगात एकट्या त्यांच्याच पायाला माहीत होतं.

रविवारच्या पुरवणीसाठी मी एक लेख केला. विषय नवा होता. मनावर खोल आघात झालेल्या माणसांच्या मेंदूला सावरायला भ्रम निर्माण करणारी काही द्रव्यं मदत करतात का, यावर परदेशांत संशोधन चाललं आहे. एका जातीच्या अळंबीतलं सायलोसायबिन, भूल देण्यासाठी वापरतात ते केटामाइन, अशी काही. आघातानंतर भीती आणि आठवण एकमेकींना घट्ट चिकटतात. ही द्रव्यं काही काळ ती पकड सैल करतात, मेंदूला नवे जोड बांधायला वाव देतात, आणि जाणकार माणूस सोबत असेल तर रुग्ण त्या घटनेकडे कोसळून न पडता पाहू शकतो, असा संशोधकांचा अंदाज आहे. पुरावा अजून अपुरा आहे, धोके आहेत, हेही मी लिहिलं.

एका वाक्यात मी तीन शब्द जास्तीचे घातले. 'मरीज़ उस घटना को ज्यों की त्यों देख पाता है.' जशीच्या तशी. हे कुठल्याही संशोधकाने म्हटलेलं नव्हतं. ते तीन शब्द नसते तर वाक्य लंगडं वाटत होतं, म्हणून ते आले.

सोमवारी सकाळी घंटी तीनदा वाजली आणि काका माझ्या दाराशी आले. हातात पुरवणी. त्या तीन शब्दांखाली निळी रेघ.

"हे कोणं सांगतलं?"

"तज्ज्ञांनी," मी म्हणाले.

"जशीच्या तशी दिसते?"

"असं त्यांचं म्हणणं आहे."

त्यांनी पुरवणीची घडी घातली. मग म्हणाले, "हे अळंबी म्हणजे आपलं पुटूच ना?"

पावसाळा लागायच्या बेतात होता. पुटू ही इकडच्या साल जंगलात पहिल्या गडगडाटाला उगवणारी अळंबी. सुपेल्याच्या बाजारात बायका टोपल्या घेऊन बसतात. मी घाईने सांगितलं की पुटू वेगळं, ते फक्त भाजीचं. जंगलातली भलती अळंबी खाल्ली तर माणूस मरतो. आणि लेखातली अळंबी आपल्या देशात कायद्याने बंद आहे.

आतून काकू म्हणाल्या, "पुटू खाऊन डोकं ताळ्यावर येत असतं तर सारं छत्तीसगड शहाणं झालं असतं. अन् तुमी तर दरसाली खाता."

पण काका आठवडाभर बाजारात टोपल्यांपाशी उभे राहून कुठलं पुटू कुठल्या जंगलातलं याची चौकशी करू लागले, तेव्हा मी घाबरले. रायपूरच्या एका मनोविकारतज्ज्ञांचा नंबर मिळवला आणि दोघांना घेऊन गेले. डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले आणि स्पष्ट बोलणारे होते. जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून वाचल्या. केटामाइन ते रुग्णालयात, नाडी आणि रक्तदाब पाहत, निवडक रुग्णांना देत. इतर औषधं हरल्यावर. काकांना देता येईल, म्हणाले.

काकांनी एकच विचारलं. "उस दिन का दिखेगा?"

"दिख सकता है. कुछ भी दिख सकता है. अंकल, ये सीसीटीवी नहीं है."

"पर दिखेगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

काही आठवड्यांत सहा वेळा जायचं होतं. काकू आणि मी बाहेरच्या बाकावर बसत असू. पहिल्या वेळी काका बाहेर आले ते ओकारी दाबत. दुसऱ्या वेळी रडत. तिसऱ्या वेळी आले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता. परतीच्या वाटेवर, कुम्हारीपाशी, ते टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर पाहत बोलू लागले, आणि आवाज असा की जणू दुसऱ्या कुणाची पाळी सांगत आहेत.

"मी केबिनच्या बी वर होतो. छपराले लागून. खाली केबिन, तिच्यात मी. शॉप खेळण्यावाणी लहान. भेव नाही वाटलं. त्याचा पिवळा टोप दिसला, पाठ दिसली. मंग मी माह्या पायाकडं पाह्यलं."

काकूंनी त्यांचा हात धरला.

"पाय घंटीवर नव्हता. बाजूले होता. आरामात."

एवढं सांगून ते झोपले. बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून, घर येईपर्यंत. काकू म्हणाल्या, बारा वर्षांत ते दिवसा कधी झोपले नव्हते.

सहा वेळा पूर्ण झाल्या. एका सकाळी काकांनी पेचकस आणला आणि तिन्ही घंट्या काढल्या. कठड्यावर, चौकटीवर आणि फाटकावर स्क्रूची दोन-दोन भोकं राहिली. त्याच दिवशी त्यांनी खुर्ची ओढून हॉलच्या मधोमध ठेवली आणि पंख्याखाली बसून वर्तमानपत्र वाचलं. उजवा पाय स्थिर होता. मी मुद्दाम पाहत होते. गल्लीत गॅसचं सिलिंडर आपटलं तर त्यांनी मान फिरवून पाहिलं, बस्स. घर एकदम शांत झालं. काकूच आता दचकत. "कोन्या बाजूनं येऊन राहिले, समजतच नाही बाई."

डॉक्टर खूश होते. मी त्यांना एकटीने फोन केला आणि त्या पायाबद्दल विचारलं. ते म्हणाले, आराम खरा आहे. चित्र खरं असेलच असं नाही. त्या अवस्थेत मेंदू रिकाम्या जागा भरतो, आणि ज्याची माणूस सर्वांत जास्त वाट पाहत असतो तेच बहुधा भरतो. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

हे काकांना सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं. ते पंख्याखाली बसले होते.

"पण तूच तं छापलं होतं, जशीच्या तशी."

"ते तीन शब्द माझे होते, काका. तज्ज्ञांचे नव्हते."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"मंग पाय कोणाचा होता?" ते म्हणाले. "पाय तं माहाच होता."

त्यांना आता माहीत झालं होतं, आणि माहीत झाल्याने झोप लागत होती. ते दोषी होते आणि बरे होते. या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात हे मला पटत नव्हतं, पण माझ्या पटण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच निघाला. त्यांना चरोद्याला जायचं होतं, खलाशाच्या बायकोला सांगायला.

काकूंनी विरोध केला. "तिनं कसंतरी निस्तरलं असन इतके वर्षं. आता कावून उकरता?"

"तिले माहीत पायजे."

"तिले पायजे का तुमाले पायजे?"

काका चप्पल घालू लागले. काकू दाराच्या चौकटीत गेल्या आणि दोन्ही हात आडवे पसरून उभ्या राहिल्या. ती खूण त्या घरात मोडलेली मी कधी पाहिली नव्हती. काकांनी त्यांचा एक हात हळूच खाली केला आणि बाहेर पडले. हॉर्न न वाजवता त्यांनी स्कूटर सुरू केली. मी मागे बसले.

खलाशाचं घर रेल्वे यार्डाच्या बाजूच्या वस्तीत होतं. दुपारचे चार वाजले असतील. यार्डात डबे जोडले जात होते. दर काही मिनिटांनी लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज रांगेने लांबपर्यंत जाई. काका दचकले नाहीत. अंगणात एक बाई खाटेवर लुगडं पसरून रखियाच्या बऱ्या घालत होती. वाटलेल्या उडदात कोहळा घालून केलेले सारखे लहान गोळे, वाळवायला ओळीने. तिने काकांना ओळखलं. "बइठव भइया," म्हणाली आणि हात धुवायला उठू लागली. काकांनी नको म्हटलं. आधी इकडच्या तिकडच्या सगळ्या चौकशा होतील असं मी धरून होते. काका उभ्यानेच बोलले.

"भौजी, ओ दिन मैं घंटी नइ बजाए रेहेंव."

मी घंटी वाजवली नव्हती. बारा वर्षांनी ते सात-आठ शब्द त्यांनी तिच्या भाषेत सांगितले. तिने एक बरी ठेवली. दुसरी ठेवली. मग मान वर न करता म्हणाली,

"बजाए रहितेव तभो ओ नइ सुनतिस."

वाजवली असती तरी त्याला ऐकू आलं नसतं.

काका तिच्याकडे पाहत राहिले. ती आता थांबून बोलू लागली, हात पिठात तसेच ठेवून. नवऱ्याचे कान शॉपच्या आवाजाने आधीपासून उतरले होते. शेवटची दोन वर्षं जवळजवळ बंद होते. कारखान्यात दरवर्षी तपासणी होई. तपासणीच्या आधी आठ-आठ दिवस ती त्याच्यासमोर बसे आणि डॉक्टर विचारतो ते प्रश्न आवाज न करता नुसत्या ओठांनी विचारी. नाव काय. वय किती. उजव्या कानाने ऐकू येतं का. तो ओठ पाहून उत्तर देई. चुकला की पुन्हा. दोन्ही वर्षं तो पास झाला.

"कोनो ला पता नइ चलिस," ती म्हणाली. कुणालाच कळलं नाही. "मुँह देख के समझ जावय."

"मोला काबर नइ बतायेव?" काकांनी विचारलं. मला का नाही सांगितलं?

"नउकरी चल देतिस, भइया." नोकरी गेली असती.

यार्डात पुन्हा डबे आदळले. मग तिने पहिल्यांदा मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर मला दुःख नाही, भीती दिसली.

"अब काखरो करा झन बताहू. लइका उहेंच हे."

कुणाला सांगू नका, मुलगा तिथेच आहे. बापाच्या जागेवर मुलाला त्याच फौंड्रीत घेतलं होतं. बापाने कान लपवले हे उघड झालं तर मुलाची नोकरी जाईल, असं तिने बारा वर्षं धरलं होतं. तसं काही झालं असतं असं मला वाटत नाही. पण मी ते बोलले नाही; मला खात्री नव्हती.

काकांनी हात जोडले. "नइ बतावंव," म्हणाले.

निघताना तिने मूठभर वाळलेल्या बऱ्या कागदात बांधून दिल्या.

परतताना काकांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मला वाटलं, आता ते मोकळे होतील. घंटी वाजली असो वा नसो, तिने काही फरक पडणार नव्हता. मी तसं म्हणालेही.

"नऊ वर्षं वरून पाह्यलं त्याले," ते म्हणाले. "सारखा वर पाहे. म्या म्हटलं, किती चांगला खलाशी आहे."

थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले, माझ्याशी नाही.

"केबिनच्या खालच्या अंगाले बत्ती होती. लाल. ट्रेनिंगमंधी सांगतलं होतं, घंटीसोबत बत्ती बी लावायची. दिवसा कोणी लावत नाही. म्या कधीच नाही लावली."

"काका, तो पाठमोरा होता. बत्तीही दिसली नसती."

"सावली पडते. लाल उजेड जमिनीवर पडते. त्यानं खाली पाह्यलं असतं." त्यांनी स्कूटरला किक मारली. "त्याले कानाचा नाही, डोळ्याचा इशारा पायजे होता. मले नऊ वर्षांत समजलं नाही."

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, झोप? चांगली. दचकणं? नाही. मनात काही अडकलेलं? काका म्हणाले, नाही. त्यांनी वचन दिलं होतं. मी शेजारच्या खुर्चीवर होते आणि मीही काही बोलले नाही. डॉक्टरांच्या फाइलीत सुधारणा अशी नोंद आहे. आमच्या पुरवणीत त्या तीन शब्दांची दुरुस्ती कधी छापली गेली नाही.

काका आता नाहीत. काकू मुलीकडे नागपूरला असतात. चरोद्याचा तो मुलगा फौंड्री सोडून गुजरातेत गेला, आईला घेऊन. म्हणून हे आता लिहिते आहे.

चरोद्याहून आल्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. दिवेलागणीच्या आधी, उजेड असतानाच, मी काकूंचे वाळलेले कपडे वर ठेवायला जिन्याकडे निघाले होते. काकू स्वयंपाकघरात त्या बऱ्यांची भाजी फोडणीला टाकत होत्या. त्यांनी झारा वर करून मला अडवलं.

"थांब पोरी. ते उतरून राहिले."

घंटी वाजली नव्हती. कठड्यावर तिची दोन भोकं तशीच होती. मी वर पाहिलं. जिन्यातला दिवा लागला, विझला. लागला, विझला. लागला, विझला. आम्ही दोघी भिंतीला लागून उभ्या राहिलो. मग काका खाली आले.